ओळखीची उत्तरं

कल्याणच्या पेपर तपासणी केंद्रात डोंबिवलीचे एक वयस्कर प्राध्यापक माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर बसतात. स्क्रीनवर उत्तर उघडलं की पहिलं वाक्य वाचतात आणि पुढचं डोळे मिटून पुटपुटतात. त्यांनी वर्षानुवर्षं वर्गात सांगितलेल्या नोट्सच मुलांनी उतरवलेल्या असतात. "माझंच आहे, मार्क कसे कापू?" म्हणत ते पूर्ण मार्क देतात.

परवा एका उत्तरावर ते बराच वेळ थांबले. डोळे उघडेच होते.

"मॅडम, हे वाचा जरा."

भाषा अडखळती होती, पण विचार मुलाचा स्वतःचा होता. उत्तरपत्रिकेवर नाव, कॉलेज काहीच नसतं, म्हणून मी विचारलं, "तुमचा विद्यार्थी असेल का, सर?"

त्यांनी चष्मा पुसला.

"नाही हो. माझ्या वर्गात बसला असता, तर असं लिहू शकला नसता."