ए मायनरची रेस्ट

आमच्या ह्यांचं डोकं म्हणजे ड्युटीचा तक्ता. झाशी स्टेशनात कोणत्या ड्रायव्हरने कोणती गाडी न्यायची, हे लिहिण्यात मार्तंडरावांची सत्तावीस वर्षं गेली. ह्यांचे नियम दोन. गाडी आणलेल्या माणसाला पुरती रेस्ट. तो स्वतःच्या मर्जीने सही करून परतला तरच कामावर. आणि रिलीव्हरचं, म्हणजे बदली माणसाचं, नाव लिहिल्याशिवाय कुणाची ड्युटी लावायची नाही. एकदा वरून हुकूम आला, इटारसीहून नुकतीच गाडी घेऊन आलेल्या अँग्लो-इंडियन ड्रायव्हर रॉबिन्स साहेबाला लगेच परत पाठवा. ह्यांनी वहीच मिटली. बोलणी खाल्ली, पण हलले नाहीत.

तेव्हापासून साहेबाचा ह्यांच्यावर जीव. तो रेल्वे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे स्टाफच्या क्लबच्या, बँडमध्ये फ्रान्सकडच्या जिप्सींच्या चालीची गिटार वाजवायचा. त्यात ढोल नाही, ताशा नाही. गिटारनेच चक्-चक् ठेका धरायचा. पन्नाशीला टेकलेल्या माझ्या नवऱ्याला त्याने ती शिकवायला घेतली. घ्या!

अठ्ठावन्न साली साहेब ऑस्ट्रेलियाला कायमचा निघाला. म्हणाला, "बाबूजी, इतवार की चाय-पार्टी में ठीक बजाया, तो बैंड में मेरी कुर्सी आपकी।" ह्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. जन्मभर दुसऱ्यांची नावं लिहिली, ह्यांना कुणी कधी बोलावलंच नव्हतं.

मग काय, घरात उठता-बसता चक्-चक्. माझं डोकं उठलं. त्यात साहेबाने शिकवलं की एका कॉर्डच्या, म्हणजे एकदम छेडायच्या सुरांच्या जुडीच्या, जागी दुसरा बसवता येतो. डी सेव्हनच्या जागी ए मायनर सिक्स्थ वाजवला तरी गाणं पुढे जातं. हे जेवता जेवता पाटावरून उठलेच.

"अगं शारदे, हे तर रिलीव्हर!"

झालं! गाण्याचा तक्ता तयार. वाजलेला कॉर्ड रेस्टवर, त्याच्या जागी दुसरा, दुसऱ्याच्या जागी तिसरा.

रविवारी चार वाजता मी नऊवारी सावरत भिंतीशी बसले. पहिली फेरी झकास गेली, दुसरी बरी. तिसरीच्या मध्यावर गिटार बंद! ठेकाच गेला, तशी नाचणारी जोडपी एक पाय उचलून उभी राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"क्या हुआ, बाबूजी?" साहेबाने विचारलं.

"साहब, सब रेस्ट पर हैं। स्टाफ नहीं है।"

लोक खो-खो हसले. खुर्ची गेली, हे ह्यांना कळलं होतं. चेहरा एवढासा झाला. तरी दमलेल्याला कामाला लावतील तर शपथ! मी मनात म्हटलं, अहो, वाजवा की, ती काय माणसं आहेत?

साहेब मात्र हसला नाही. उठला, तक्ता मागून घेतला, आणि ए मायनरपुढे सही केली. "अपनी मर्ज़ी से हाज़िर है।" मग डी सेव्हनची सही, मग 'जी'ची. सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत अख्खा हॉल चहा गार करत थांबला. त्यानंतर हे वाजवायला बसले ते दिवे लागेपर्यंत उठले नाहीत.

मंगळवारी साहेब ऑस्ट्रेलियाला निघून गेला. बुधवारी मी डबा द्यायला स्टेशनात गेले, तर फळ्यावर तक्ता लागलेला. अगदी खाली ह्यांच्या अक्षरात: रविवार, चार वाजता, गिटार, मार्तंड. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःचं नाव! माझा ऊर भरून आला.

मग शेजारचा रकाना वाचला. रिलीव्हर: शारदा.

मेलं, तारा दाबून दाबून माझ्या डाव्या हाताच्या बोटांना आता घट्टे पडलेत.