डबीत ठेवायचा आवाज

माझ्या नणंदेचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातो, आणि याचा तिला अभिमान आहे! तिचं लहानपण लाकडाच्या वखारीशेजारी गेलं. दिवसभर करवतीचं यंत्र घरघरायचं, त्यामुळे जेवताना मीठ मागायचं तरी ओरडून. सासरेबुवा त्याच यंत्रावर कामाला होते. पन्नाशीच्या आतच त्यांचे कान गेले. ताई वीस वर्षं पाळणाघरात मुलं सांभाळते. मी तिथलंच स्वयंपाकघर बघते आणि आम्ही राहतोही एकाच घरात, म्हणजे दोन्हीकडे माझ्या वाट्याला हाच भोंगा. मुलं तिला भोंगाताईच म्हणतात आणि तिच्यावर जीव टाकतात.

गेल्या महिन्यात पिवळ्या बुटांची एक मुलगी आली. साडेतीन वर्षांची, दोन्ही कानांत ऐकण्याची मशीनं. तिची आई बस चालवते. आधीच्या दोन पाळणाघरांत पोरगी नुसती कोपऱ्यात बसून राहायची, म्हणून आईनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "महिनाभर बघते. इथेही रमली नाही, तर नोकरी सोडून घरी बसते." बोलताना तिनं हातातली टोपी पार चुरगाळली होती.

"नोकरी सोडायचं नाव काढू नका!" ताई गरजली. "मी आहे ना!"

आणि लागली की कामाला! पोरीला पाठीमागून हाका, त्याही दुप्पट जोरात. पोरगी दचकून कानांवर हात ठेवायची. आईनं समजावलं, "ओरडलं की तिला नुसता गोंगाट होतो. समोर बसा, तोंड दिसू द्या, हळू बोला." ताईनं दोन दिवस पाळलं. तिसऱ्या दिवशी भोंगा पुन्हा चालू.

लाड मात्र भरपूर. पहिला खाऊ तिला, मऊ उशी तिला. पण मुलं कशावर तरी खिदळली आणि पोरीनं ताईची ओढणी ओढून 'काय?' म्हणून हात हलवला, की ताई तिचं डोकं थोपटायची. "काही नाही गं, काही नाही." एकीला समजावत बसलं तर बाकीची पंधरा धुडगूस घालतात, असं तिचं म्हणणं. मलाही ते पटायचं.

तिसऱ्या आठवड्यात मुलं 'पाळणाघर पाळणाघर' खेळत होती. आमची चार वर्षांची चष्मेवाली आजीबाई भोंगाताई झाली होती. कमरेवर हात, तीच चाल, तसंच ओरडणं! मी पोट धरून हसत होते. तेवढ्यात पिवळ्या बुटांची मुलगी जवळ गेली आणि मलाही घ्या म्हणून तिनं हात पुढे केला. आजीबाईनं तिचं डोकं थोपटलं. "काही नाही गं, काही नाही," म्हणाली आणि पाठ फिरवून पुन्हा खेळायला लागली.

ताईचा चेहरा खर्रकन उतरला. स्वयंपाकघरात येऊन ती मटकन बसली.

"वहिनी, बाबांनाही आपण हेच म्हणतो गं. जेवताना सगळे हसायचो, ते 'काय झालं?' विचारायचे, आपण म्हणायचो काही नाही. आता तर ते विचारतही नाहीत."

लग्न होऊन आल्यापासून मीही तेच म्हणत आले होते. फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून बाईनं स्वतःलाच शाळेत घातलं! एक छोटं स्टूल आणलं. पोरीशी बोलायचं झालं की त्यावर बसायचं, खिडकीचा उजेड आपल्या तोंडावर येईल असं. आईकडून रोज चार खुणा शिकायच्या आणि सगळ्या मुलांना शिकवायच्या. हळू बोलून बोलून तिचा घसा दुखायला लागला, जो ओरडून कधी दुखला नव्हता. पोरगी टक लावून बघायची, पण हसायची नाही. महिना संपायला तीन दिवस राहिले. मग दोन.

शेवटचा शुक्रवार उजाडला. दुपारची झोप झाली होती. पोरीनं डबीतून मशीनं काढून कानांत बसवून घेतली आणि एक बूट चढवला. आजीबाई हे सगळं निरखून बघत होती. अगदी गंभीरपणे तिनं विचारलं, "ताई, तिची मशीनं झोपताना डबीत ठेवतात, तसा तुझा आवाज डबीत ठेवता येतो का?"

जो काही हशा पिकला! मुलं गाद्यांवर लोळली, माझ्या हातातला दुधाचा पेला सांडला. आणि पोरीनं ओढणी ओढली. काय?

'काही नाही' ताईच्या ओठांपर्यंत आलेलं मी बघितलं. तिनं ते गिळलं. "थांबा रे सगळे, आधी हिला कळू दे." स्टूल ओढून ती पोरीसमोर बसली. आजीबाईकडे बोट, डबीकडे बोट, मग स्वतःच्या गळ्याकडे. हळूहळू सगळं सांगितलं, मग पुन्हा एकदा सांगितलं. सांडलेलं दूध पुसायचं सोडून मीही बघत उभी!

पोरीचे डोळे मोठे झाले. तिनं डबी उघडली, ताईच्या तोंडाखाली धरली आणि खूण केली, टाक इथे! आणि हसली की हो, खदखदून, एकुलता एक बूट आपटत! ताईनं आ करून आवाज डबीत टाकला. पोरीनं फट्‌दिशी झाकण लावलं. मुलं पुन्हा हसत सुटली, या खेपेला तिच्यासोबत.

आई दारात उभी होती. कधीची, कुणास ठाऊक. डोळे पुसून म्हणाली, "सोमवारपासून माझी सकाळची पाळी आहे. साडेसहाला आणून सोडलं तर चालेल?"

ताईचा आवाज डबीत, त्यामुळे तिनं नुसती जोरजोरात मान हलवली. ओरडले मी, "चालेल काय, पळेल!"

संध्याकाळी जेवताना ताईनं हे सगळं रंगवून सांगितलं. माझ्या नवऱ्याला हसता हसता ठसका लागला. सासरेबुवा खाली मान घालून जेवत होते. ताई आपलं ताट उचलून त्यांच्या समोर जाऊन बसली, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, त्यांनी वर बघितल्यावर सुरुवातीपासून सांगायला लागली. हळू, उजेडात, डबीसकट.

सासरेबुवा हसले. मग हातातला घास ताटात ठेवून त्यांनी विचारलं, "आणि गेल्या रविवारी सगळे हसत होतात, ते काय होतं?"