दाबून धरायची सवय

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाकावर मी घोट घोट पाणी पीत बसले होते आणि समोरून आमच्या मराठी मंडळातल्या एक वहिनी आल्या. जवाहर चौकात एवढी दुकानं, पण बाईंचं नेमकं ह्याच इमारतीत काम निघायचं होतं!

"अगंबाई, तुम्ही इथे? कोणाला काय झालं?"

"यांना. किडनी स्टोनचा संशय आहे," मी शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे बोट दाखवून मोकळी झाले.

बिचारे हे! एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं कमरेवर हात ठेवला. वहिनी लगेच त्यांना कुळथाचं कढण कसं करायचं ते सांगू लागल्या.

स्टोन यांनाही नव्हता आणि मलाही नव्हता. मला लघवीची जळजळ, मग ताप, औषधानं बरं वाटलं की पुन्हा जळजळ, असं चाललं होतं. हा शब्द लिहितानासुद्धा मी आजूबाजूला बघतेय, काय सांगू! आमच्याकडे बायका नुसतं 'जाऊन येते' म्हणतात. कुठे, ते कोणी विचारत नाही. डॉक्टरांनी लघवीची पिशवी भरलेली असताना एकदा आणि रिकामी केल्यावर एकदा, अशी दोनदा सोनोग्राफी करायला सांगितली होती.

तेवढ्यात दार उघडून आतली बाई माझं नाव घेऊन ओरडली, "मैडम, पेशाब ज़ोर से लगी कि नहीं?"

सगळा हॉल माझ्याकडे वळला. वहिनींनी आधी यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. यांचा हात अजून कमरेवरच होता. धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

आत डॉक्टरीण तरुण होती. पोटावर गार जेल लावून तिनं पाहिलं, बाथरूमला जाऊन यायला सांगितलं आणि पुन्हा पाहिलं. दुसऱ्या वेळी तिचा हात एकाच जागी बराच वेळ थांबला. मग ती हिंदीत म्हणाली, "करून आल्यावरही पिशवी अर्धी भरलेली आहे. त्यामुळे उजव्या किडनीला सूज आलीय. फार वेळ दाबून धरता का?"

"सवय आहे," मी म्हटलं.

सवयच ती. सकाळी शाळेत शिकवायला निघाले की संध्याकाळी इंद्रपुरीला घरी येईपर्यंत नाही म्हणजे नाही. शाळेतल्या बायकांच्या बाथरूमला कडी नव्हती. ती लावून घ्यायची तर मुख्याध्यापकांना सांगायला हवं, आणि ते पडले पुरुष. त्यापेक्षा पाणीच प्यायचं नाही, सोपं काम! मंडळाच्या ट्रिपला गेलो की बाकीच्या बायका माझ्याकडे बघून म्हणायच्या, "यांचं बरंय बाई, यांना कधी लागतच नाही." मी फुशारून जायची.

"किडनी जपायची असेल तर हे आजपासून बंद," डॉक्टरीण म्हणाली. मी साडी सावरत नुसती मान हलवली. भीती वाटत होतीच, पण लाज जास्त वाटत होती. पन्नाशी उलटलेली शिकलेली बाई मी, एका कडीपायी किडनी घालवायला निघाले होते.

रिक्षात हे म्हणाले, "आता कढण कोणी प्यायचं, मी की तू?" एरवी मी हसले असते. मला रडूच आलं.

संध्याकाळी लेक घरी आली. गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या कारखान्यात ती इंजिनिअर आहे, सगळ्या पुरुषांत एकटी बाई. आल्या आल्या चपला भिरकावून ती बाथरूमकडे पळाली. रोजचंच आहे. मीच कौतुकानं म्हणायची, माझ्यावर गेलीय पोरगी!

धुवायला म्हणून तिच्या बॅगेतून डबा काढला, मग पाण्याची बाटली. सकाळी मी भरून दिली होती तशीच होती, काठोकाठ.

ती बाहेर आली तशी मी चांगल्या खणखणीत आवाजात विचारलं, "तुमच्या कारखान्यात बायकांना लघवीला जायची सोय आहे का गं?"

तिचा चेहरा लालबुंद झाला.

"आई, हळू बोल ना! बाबा ऐकतायत."