एकट्यानं पाळलेलं सुतक

शांतारामभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी क्लासमध्ये एका मुलीवर चिडले होते. गात होती बरी, पण अर्धं लक्ष मोबाइलमध्ये. तिची खरडपट्टी काढत असतानाच माझाच मोबाइल वाजला आणि ती फिसकन हसली. पलीकडे भाऊंची सून होती. "बाई, बाबा गेले... सकाळी चहा पिऊन अंगणात बसले व्हते, तितंच." मी "बरं" म्हणाले. बरं! तीस वर्षं मुलांचे शब्द घासूनपुसून घेणाऱ्या बाईला त्या क्षणी एवढाच शब्द सापडला. क्लास सोडला, पेटी झाकली आणि खुर्चीत बसून राहिले. रडू आलं नाही. खरं सांगायचं तर आधी भीती वाटली. ती गोष्ट माहीत असलेली आता मी एकटीच उरले, असं मनात आलं, आणि तसं मनात आल्याची लगेच लाज वाटली. त्याला आता सहा आठवडे होतील.

भाऊ एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर माझ्याकडे रत्नागिरीत पेटी शिकायला आले. दारातच चपला काढून उभे राहिले आणि म्हणाले, "म्हाताऱ्याला घेता काय?" शिमग्याला घरोघर नाचत फिरणारे खेळे असतात, त्यांच्या वाडीच्या त्या संचात ते मिसरूड फुटायच्या आधीपासून मृदंग वाजवत. पेटी त्यांना शेवटपर्यंत जमली नाही. पट्ट्यांवरही ते मृदंगच वाजवायचे. मी वैतागायचे, ते हसायचे. एक दिवस मात्र पेटी बाजूला सारून म्हणाले, "बाई, तुमची पोरं चार भिंतींत गातात. आमचं खळं मे महिन्यात मोकळं पडलेलं असतं. आना की तिकडं." आमच्या उत्सवाचा जन्म हा असा, घरासमोरच्या सारवलेल्या अंगणाच्या आमंत्रणातून झाला.

पहिल्या वर्षी माझी अकरा मुलं आणि वाडीचे खेळे, एवढेच होतो. मग कुणाच्या तरी ओळखीनं पुण्याची गिटारवाली पोरं आली, मंडणगडकडचा जाखडी नाचाचा संच आला, हर्णैच्या कोळणी आल्या आणि लग्नातली गाणी म्हणून गेल्या. स्टेज नाही, फलक नाही, प्रमुख पाहुणे तर नाहीतच. उन्हं कलली की सुरू आणि दिवेलागणीनंतर जेवणं. गाणारे आणि ऐकणारे एकाच सारवणावर बसणार, पाहुणे घरोघर वाटून घेणार, आणि ज्यानं त्यानं आपलं ताट आपण घासायचं. पुण्याचा एक केसाळ मुलगा पहिल्यांदा राखेनं ताट घासताना इतका गंभीर झाला होता की वाडीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. या सगळ्याची मांडामांड भाऊंची. कुणाला कुठल्या घरी उतरवायचं, कुणाला फणसाची भाजी चालत नाही, कुठल्या घरातली म्हातारी घोरते, सगळं तोंडपाठ. आणि सुरुवात ठरलेली. गावकर, म्हणजे वाडीचे मानाचे वडीलधारे, देवाला गाऱ्हाणं घालणार आणि त्यावर भाऊंची मृदंगावर पहिली थाप. ती पडली की मगच मी मांडी घालून बसायचे.

पाचव्या वर्षीची गोष्ट सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

ती सगळी वाडी एकाच भावकीची. भावकीत कुणी गेलं, मग ते मुंबईत का असेना, की अख्ख्या वाडीला दहा दिवसांचं सुतक. वाद्याला हात लावायचा नाही, देवळात जायचं नाही. बातमी कानावर पडली की सुतक लागतं, हेही मला भाऊंनीच कधीतरी सहज सांगितलं होतं. उत्सवाच्या पहिल्या दिवशी, शनिवारी सकाळी, भाऊ आणि मी वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर, एसटीच्या थांब्यापाशी पाहुण्यांची वाट बघत होतो. वाडी खाली खोलात, तिथं मोबाइलला रेंज नाही. ती मिळते फक्त सड्यावर. भाऊंचा फोन वाजला. मुंबईहून भावकीतल्याच पांडूतात्यांची मुलगी बोलत होती. पांडूतात्या पहाटे गेले होते. त्यांचे सख्खे थोरले भाऊ वाडीतच होते, ऐंशीच्या घरातले. "काकांना फोनवर नको, तुम्हीच जवळ बसून सांगा," असं ती रडत म्हणाली. भाऊ तिथल्याच एका चिऱ्यावर बसले आणि म्हणाले, "संपलं बाई. गाडीतून उतरतील त्यांना परत पाठवाया लागंल."

मी काय केलं? मी हिशेबी बाई. पोरं रात्रभर प्रवास करून येत होती, चाळीस माणसांचा भात चुलीवर होता, आणि एकदा खंड पडला की पुन्हा कुणी येणार नाही, अशी माझी खात्री होती. मी म्हणाले, "वाडीत अजून कुणी ऐकलेलं नाही ना? सोमवारी सकाळी सांगा." भाऊ म्हणाले, "मी ऐकलंय ना, बाई..." आणि मी म्हणाले, "मग तुम्ही पाळा."

हे तीन शब्द भाऊ असेपर्यंत मी कुणालाही सांगितले नाहीत.

त्यांनी पाळलं. बोटाला चिंधी बांधली आणि लागलंय म्हणून मृदंग पुतण्याच्या गळ्यात दिला. गाऱ्हाण्याच्या वेळी पाणी भरायच्या निमित्तानं विहिरीवर गेले. गंध लावायला कुणी पुढं आलं की मागं सरायचे, आणि पंगतीला न बसता गोठ्यापाशी वेगळं पान मांडून नुसता वरणभात जेवायचे. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय. त्या वर्षीचं गाणं आजवरच्या नऊ वर्षांतलं सर्वात चांगलं झालं, हेही सांगायलाच हवं. आणि पांडूतात्यांचे थोरले भाऊ पुढंच बसून, गुडघ्यावर ताल धरून, दोन्ही दिवस मान डोलवत होते. त्यांना धाकट्या भावाचं तोंड बघायला जाता आलं असतं. मी त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांनी मला आंब्याची फोड दिली आणि मी ती खाल्ली.

सोमवारी भाऊंनी वाडीत बातमी सांगितली, आत्ताच फोन आला म्हणून. पण आठवड्यानं ती मुलगी दिवसकार्यासाठी गावी आली आणि बोलता बोलता म्हणाली, "मी तर शनवारीच कळवलं व्हतं." गावकरांच्या पडवीत सगळे जमले. मलाही बोलावलं होतं. भाऊ उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी." पांडूतात्यांच्या थोरल्या भावांनी मान वर केली नाही. कुणीतरी विचारलं, "बाई व्हत्या की तुमच्यासंगती, त्यांना ठावं व्हतं काय?" मी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाले, "त्यांना काय ठावं? त्या गाडी बघाया फुडं गेल्या व्हत्या."

माझ्या हातात चहाचा कप होता. मी तो पिऊन संपवला.

गावकरांनी निकाल दिला की शांतारामानं पुन्हा वाडीच्या मृदंगाला हात लावायचा नाही. मृदंग देवाचा, तो देवळातच राहतो. उत्सव बंद करायचा नाही, बाईंचा आणि पोरांचा त्यात दोष नाही. माझा दोष नाही! परतताना सड्यापर्यंत भाऊ मला सोडायला आले. मी म्हटलं, उद्या येऊन सांगते सगळं. ते म्हणाले, "गप ऱ्हावा बाई. माझं एक गेलं. तुमचं सांगितलंत तर खळंच जाईल." मला ते पटलं. पटायला फार वेळ लागला नाही, हे आज जास्त लागतं. पुढची चार वर्षं भाऊ उत्सवाला चटया अंथरत होते, पाहुण्यांना उतरवून घेत होते, आणि पहिली थाप पडायच्या वेळी विहिरीकडे जात होते. उत्सवाचं मी फारसं धरत नाही. पण चार शिमगे गेले... दारात पालखी यायची, खेळे नाचायचे आणि हा माणूस आपल्याच खळ्याच्या कडेला हात मागं बांधून उभा असायचा. पुण्याची पोरं मला विचारायची, भाऊ हल्ली वाजवत का नाहीत? मी सांगायचे, वय झालं.

तेराव्याला गेले होते. भाऊंच्या पत्नी, वहिनी, पडवीत बसल्या होत्या. बायका उठून आत गेल्यावर त्यांनी मला पडवीतला लाकडी खांब दाखवला. जमिनीपासून दीडेक हातावर त्याचा निळा रंग दोन बाजूंनी उडाला होता. आतलं लाकूड गुळगुळीत होऊन दिसत होतं. "सांजचं हितंच बसायचे. दोनी हातांनी. आवाज नको म्हनून नुसत्या बोटांनी," वहिनी म्हणाल्या. मी तिथं हात ठेवला, आणि चार वर्षं न आलेलं रडू तिथं आलं. त्या रडण्यातच मी सगळं सांगून टाकलं. सड्यावरचं, माझे ते तीन शब्द, चहाचा कप. वहिनींनी ऐकून घेतलं. मग खांबाकडेच बघत म्हणाल्या, "मना ठावं व्हतं. मना कशाला सांगता? वाडीला सांगा."

परवा गावकरांचा फोन आला. यंदाचा उत्सव भाऊंच्या आठवणीत करायचा, फोटोला हार घालायचा, आणि बाई, तुम्ही दोन शब्द बोला. त्यांनी मोठ्या मनानं क्षमा केली आहे... ज्याचा गुन्हा निम्माही नव्हता त्याला. मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. या पुरवणीसाठी आठवणी लिहून द्या म्हणून सांगणं आलं तेव्हा वाटलं, इथं लिहून टाकावं, म्हणजे सुटले. पण वर्तमानपत्रात लिहिणं हीसुद्धा एक पळवाटच. वाडीत ही पुरवणी येत नाही.

म्हणून रविवारी अंक घेऊन मी सकाळच्या एसटीनं जाणार आहे. गावकरांच्या त्याच पडवीत, पांडूतात्यांच्या थोरल्या भावांना बोलावून, हे मी उभं राहून वाचणार आहे. त्यानंतर उत्सव होईल की नाही ते वाडी ठरवील, आणि नाही झाला तर पोरांना का ते मी कळवीन. तिथून भाऊंच्या घरी जाईन. खांबापाशी बसेन. वहिनी चहा देतील की नाही, मला माहीत नाही.