हाताने मागायची खिचडी

सापगावजवळच्या आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींचं तोंड दिवसभर चालू असतं. फक्त वाढताना बंद. दुसरीत एक मुलगी आली, तिला ऐकू येत नाही. "एकटीच पोर हात हलवील, बरा दिसत नाय," म्हणून मावशींनी नियमच केला: खिचडी सगळ्यांनी खुणेनेच मागायची. शाळेची बाई असून मीसुद्धा शिकले.

परवा विशेष गरजा असलेल्या मुलांची यादी तपासायला साहेब आले. जेवताना म्हणाले, "मावशी, अजून थोडी." खिचडीचा डाव पातेल्यावरच थांबला. साहेबांनी कसेबसे हात हलवले. मुलीने त्यांना दोनदा नापास केलं आणि शेवटी बोटं धरून शिकवलं. पंगत हसून लोळली.

खिचडी वाढून मावशी माझ्याकडे वळल्या. "बाई, यांचा पण नाव लिवा त्या यादीत."