काशिनाथच्या नाकातला तुकडा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय म्हणून लगेच माझी कीव करू नका — कीव करणाऱ्यांची मला चीड येते.

सत्तरच्या दशकात निजामपुऱ्यात, यंत्रमागांच्या वस्तीत, माझा कान-नाक-घशाचा दवाखाना होता. लूमवरचा जो कामगार येईल त्याचं नाक चोंदलेलं. रुईची धूळ, दुसरं काय? थेंब लिहून द्यायचे, मोकळं व्हायचं. वडपे गावचा काशिनाथ तीन महिने थेंब घालून परत आला आणि भरल्या दवाखान्यात म्हणाला, "डाक्टर, तुमाला काय समजत न्हाय. ही रुई न्हाय." लोक हसले. तेव्हापासून तो माणूस माझ्या डोक्यात गेला.

आणि लेकाचा खरं तेच बोलला होता. नाकात काळी खपली, एक गाल सुजलेला, जवळ बसवणार नाही असा वास. तपासणीला तुकडा काढला — पण कसा? शिसारी आली म्हणून वरवरची खपली उचलून मुंबईला पाठवली. चिमटा आत, जिवंत मांसापर्यंत घालायचा असतो, हे मला ठाऊक नव्हतं? होतं की.

तिथल्या डॉक्टरांचं पत्र आलं. तुकडा सगळा मेलेला आहे. लिम्फोमा, म्हणजे लसपेशींचा कॅन्सर, असावा, पण कुठल्या प्रकारचा, ते यावरून ओळखता येत नाही. कडेचं जिवंत मांस लगेच पाठवा; काही प्रकारांत किरणांचा शेक दिला तर माणूस वाचतो.

पत्र मी खणात टाकलं. पुन्हा तुकडा काढायचा म्हणजे त्याला सांगायचं, माझं चुकलं — त्याला? त्यापेक्षा मी त्याच्या बायकोला, यमुनेला, बाजूला घेतलं आणि सांगितलं, हा बाहेरख्यालीचा रोग आहे. त्या रोगासाठी, म्हणजे गरमीसाठी (सिफिलिस), केलेली रक्ततपासणी साफ आली होती, तीही दाबली. त्याच रोगाची इंजेक्शनं देत राहिलो.

यमुना माहेरी गेली. काशिनाथच्या भावांनी त्याचं ताट वेगळं केलं. तो आला, आता नाकात बोलत होता. "डाक्टर, मी कुटं गेलो न्हाय. तुमीच सांगा तिला."

मी म्हणालो, "रक्त खोटं बोलत नाही."

पुढे त्याच्या तोंडातल्या टाळूला भोक पडलं. गेला तेव्हा जवळ कुणी नव्हतं. मला वाईट वाटलं नाही, सुटलो असं वाटलं.

यमुना अजून आहे. मी बाजारात दिसलो की हात जोडते, म्हणते, "दादा, तुमी खरं सांगितलंत म्हणून मी वाचले."

मी तिचा नमस्कार घेतो.