सीटखालचं इंजिन

समजा, तुम्हाला जुनी सात सीटर व्हॅन घ्यायची आहे. नवी परवडत नाही, आणि घरात एक माणूस असा आहे की ज्याच्यासाठी व्हॅनच हवी, दुसरं काही चालायचं नाही. विकणारा गाडी घेऊन तुमच्या दारात उभा आहे. गाडी धुतलेली, टायर काळेकुळकुळीत, डॅशबोर्डवर गणपती. तुम्ही आधी काय बघाल? बहुतेक जण गाडीभोवती एक चक्कर मारतात, रंग बघतात, किती चालली ते विचारतात. रंग काय, नवा मारता येतो. किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो. आधी हात लावायचा तो इंजिनाला. असल्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलायची आणि इंजिन गार आहे का ते बघायचं. गार असेल तर किल्ली फिरवायची आणि कोणाला तरी मागे उभं करून धूर बघायला सांगायचं. इंजिनाचं जे काही दुखणं असतं ते गार असतानाच बाहेर येतं. एकदा तापलं की म्हातारं इंजिनही तरण्यासारखं पळतं. म्हणून इंजिन आधीच गरम असेल तर त्या दिवशी काही ठरवायचं नाही. सकाळी परत बघायचं.

नाशिकच्या इंदिरानगरात राहणाऱ्या अनसूयाला हे सगळं माहीत होतं. ती सातपूरच्या एका कारखान्यात बाहेरून आलेला माल तपासायची. टेबलावर पितळी कड्यांचे ट्रे यायचे, ती एकेक कडी गेजमध्ये घालून बघायची आणि जी बसणार नाही ती लाल डब्यात टाकायची. पुरवठादार विनवण्या करायचे, दिवाळीला मिठाई पाठवायचे. मिठाई ती डिपार्टमेंटमध्ये वाटून टाकायची आणि कड्या लाल डब्यातच जायच्या. तिच्या मागे तिला लोक ‘लाल डबा’ म्हणत आणि तिला ते ठाऊक होतं. मनातून तिला ते आवडतही होतं.

व्हॅन हवी होती मृण्मयीसाठी. मृण्मयी तिची एकुलती एक मुलगी. लहानपणापासून तिला स्नायूंचा आजार. डोकं तल्लख, हात चालतात, पाय मात्र बारावीला येईपर्यंत पूर्ण गेले. शाळा जवळ होती, तिथे वडील व्हीलचेअर ढकलत नेऊन सोडायचे. आता तिला बीएस्सीला प्रवेश मिळाला होता, सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन, आणि कॉलेज होतं गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. रिक्षाने जायचं म्हणजे खुर्चीतून उचलून रिक्षात, रिक्षातून उचलून खुर्चीत. तेही वडिलांना एकट्याला जमत नसे. मग रिक्षावाला काखेत हात घालायचा, कधी कॉलेजचा वॉचमन पाय धरायचा.

“पालखी निघाली माझी,” मृण्मयी म्हणायची. सगळे हसायचे. एकदा मात्र प्रवेशाच्या कामाहून परत आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “आई, मला कोणी परक्या माणसाने उचललेलं आता नको. मी घरी बसेन, पण ते नको.”

सरकता दरवाजा आणि जमिनीपासून बुटका तळ असलेली व्हॅन असली, तर मधली सीट काढून उतरती पाटी लावता येते आणि खुर्चीसकट मुलगी आत जाते. कोणी हात लावायची गरज नाही. अनसूयाने कारखान्यातल्या फॅब्रिकेटरकडून तशी लोखंडी पाटी गाडी येण्याआधीच करून घेतली होती. पलंगाखाली ती ठेवलेली होती आणि मृण्मयी येता-जाता तिच्याकडे बघायची.

आणि मग त्र्यंबकेश्वरच्या ढुंढिराज गुरुजींचा फोन आला.

ढुंढिराज गुरुजी म्हणजे घरचे उपाध्ये. अनसूयाच्या सासऱ्यांचं दहावं-बारावं त्यांनीच केलं, तिचं लग्न त्यांनीच लावलं, मृण्मयीच्या आजारासाठीची शांतही त्यांनीच केली. यजमानांना नाशिक रोड स्टेशनवरून त्र्यंबकला न्यायला त्यांच्याकडे एक पांढरी व्हॅन होती. सिंहस्थ तोंडावर आला होता, यजमानांची गर्दी वाढणार होती, त्यांना मोठी गाडी घ्यायची होती.

“बाहेर कोणाला देण्यापेक्षा आपल्या पोरीला उपयोगी पडेल,” ते ज्ञानेशला फोनवर म्हणाले. ज्ञानेश म्हणजे अनसूयाचा नवरा, सहकारी संस्थेत कारकून. “आणि तुम्ही उन्हातान्हात त्र्यंबकपर्यंत कशाला येता? मीच घेऊन येतो.”

ज्येष्ठातली, पाऊस लागण्याआधीची ती संध्याकाळ. गुरुजी आले ते गाडीसोबत पूजेचं ताट घेऊनच. नारळ, चार लिंबं, हळदकुंकू, हार. सासूबाई, पुतळाबाई, ओट्यावर येऊन हात जोडून उभ्या राहिल्या. मृण्मयीची खुर्ची दारात होती.

“बस गं पोरी, आता तुझा रथ आला,” गुरुजी म्हणाले.

“रथ नाही गुरुजी, डबा,” मृण्मयी म्हणाली. “पण माझा डबा.”

अनसूयाने दरवाजा सरकवून बघितला, नीट चालत होता. खाली वाकून गंज बघितला, टायरची नक्षी बघितली. मग ती पुढच्या सीटवर बसली आणि साडीतूनसुद्धा तिला खालची धग लागली. साहजिकच होतं. गाडी त्र्यंबकहून चालत आली होती. ज्ञानेशने हायवेच्या बोगद्यापर्यंत चक्कर मारून आणली. गाडी सुरेख पळाली. धूर नाही, खडखड नाही.

अनसूया खाली उतरली आणि पदर सारखा करत म्हणाली, “गुरुजी, एक विचारू का? गाडी आज रात्री इथेच राहू दिली तर? सकाळी गार असताना एकदा सुरू करून—”

“अगं काय बोलतेस,” सासूबाईंनी मध्येच तोडलं. “गुरुजी काय रात्रीचे एसटीने जातील? ह्या वयात? आणि त्यांची गाडी तपासणार तू? कंपनीतल्या कड्या आहेत का त्या?”

ज्ञानेशने तिच्याकडे बघून डोळे मोठे केले. गुरुजी हसले. “कंपनीत शिकवतात वाटतं हे सगळं? चांगलं आहे हो. माणसाने चौकस असावं.” एवढं म्हणून त्यांनी ताटातली लिंबं उचलली आणि एकेका चाकाखाली ठेवायला सुरुवात केली.

ते ‘ठेवतो की गाडी’ म्हणाले नाहीत. ‘ठेवत नाही’ असंही म्हणाले नाहीत.

मग गाडीच्या पुढच्या पत्र्यावर कुंकवाचं स्वस्तिक निघालं, हार चढला, मंत्र झाले. नारळ ज्ञानेशने फोडला. ज्याची गाडी त्यानेच पूजा सांगितली आणि दक्षिणाही घेतली नाही. “आपल्या पोरीच्या गाडीची कसली दक्षिणा,” म्हणाले. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पूजा झालेल्या गाडीला नाही म्हणायचं कसं, हे अनसूयाला कोणी शिकवलेलं नव्हतं. ज्ञानेशने पैसे मोजून दिले, गाडी पुढे घेतली, लिंबं फुटली, आणि व्हॅन त्यांची झाली. तिच्यातूनच तो रात्री गुरुजींना त्र्यंबकला सोडून आला.

तिने स्वतःची समजूत घातली तीही कारखान्याच्याच भाषेत. तिच्याकडे काही पुरवठादार असे होते की त्यांचा माल तिच्या टेबलावर यायचाच नाही, सरळ लाइनवर जायचा. इतक्या वर्षांचा विश्वास. गुरुजी तसेच, असं तिने धरलं. पण त्या पुरवठादारांचा माल आधी वर्षानुवर्षं तपासला गेलेला असतो, तेव्हा कुठे त्यांना ती सवलत मिळते. गुरुजींचं काहीच कधी कोणी तपासलेलं नव्हतं. विश्वास होता, तो तपासण्यातून आलेला नव्हता, पाया पडण्यातून आलेला होता. हा फरक तिला त्या संध्याकाळी कळत होता. तरीही ती पाया पडली.

पावसाळा चांगला गेला. मृण्मयी खुर्चीसकट गाडीत चढायची, खुर्चीसकट उतरायची. कॉलेजात मैत्रिणी झाल्या. तृप्ती नावाची एक तर रोज फाटकाशी थांबायची आणि खुर्ची ढकलत थेट प्रयोगशाळेत न्यायची. घरी आल्यावर मृण्मयी जेवताना बुरशीबद्दल बोलायची. आजी म्हणायच्या, “जेवताना तरी नको गं ते.” त्या महिन्यांत घरात इतकं हसू होतं की अनसूया ती धग विसरूनही गेली.

दिवाळीनंतर थंडी पडली. नाशिकची थंडी, पहाटे गाड्यांच्या काचा दवाने पांढऱ्या करणारी. पहिल्यांदा गाडी दोनदा खोकून सुरू झाली. मग चारदा. मग सुरू झाली की मागून निळा धूर निघायचा आणि शेजारचे रावजी खिडकी लावता लावता म्हणायचे, “ज्ञानेशराव, डास मारता का गल्लीतले?” त्यानंतर काही सकाळी ती सुरूच होईना. मृण्मयीचं पहिलं प्रॅक्टिकल बुडलं, मग दुसरं.

वडाळा रोडवरच्या हारुनभाईंच्या गॅरेजात गाडी ढकलत नेली. त्यांनी सीट उचलली, प्लग काढले, बोटाने ऑइल चोळून बघितलं.

“ताई, पिस्टनच्या रिंगा गेल्यात. आजच्या नाहीत, जुन्या. ऑइलही चांगलंच जाड टाकलेलं आहे. गरम झाल्यावर त्याने झाकून जातं. उन्हापावसात सकाळचा थोडा धूर कोणी बघत नाही, थंडीत मात्र उघडं पडतं.”

“मुद्दाम टाकतात का हे?” अनसूयाने विचारलं.

हारुनभाईंनी हात पुसले. “टाकतात. गाडी विकायची असली की टाकतात. आणि गॅरेजवाल्याने सांगितलं म्हणूनही टाकतात, ज्याला कळत नाही तोसुद्धा. मी कसं सांगू?”

इंजिन पूर्ण खोलावं लागणार होतं. त्याच्या पैशांची जमवाजमव होईपर्यंत ज्ञानेश रात्री इंजिनावर गोधडी टाकायचा, पहाटे बॅटरी आत आणून गरम करायचा. कधी साधायचं, कधी नाही.

वार्षिक प्रॅक्टिकलच्या दिवशी नाही साधलं. ज्ञानेश किल्ली फिरवत राहिला, फिरवत राहिला, शेवटी बॅटरीच बसली. गल्लीतली माणसं धक्का मारायला आली. सपाट रस्ता, गाडी गुरगुरली आणि थांबली. मृण्मयी आत होती, एप्रन घातलेली, मांडीवर जर्नल.

“रिक्षा आणतो,” ज्ञानेश म्हणाला.

मृण्मयीने जर्नल पिशवीत घातलं. रिक्षा आली. रिक्षावाल्याने काखेत हात घातला, रावजींनी पाय धरले. चढवताना एप्रन वर गेला आणि रिक्षाच्या दांडीला अडकून फाटला. ती गर्दी, ते चुकचुकणं, “सांभाळून, सांभाळून.” कॉलेजच्या दारात पुन्हा तेच. वॉचमनच्या हातून एक पाय निसटला आणि ती अर्धी जमिनीवर आली. लागलं फारसं नाही. तृप्ती धावत आली, तर मृण्मयीने तिच्याकडे बघितलं नाही.

तिने परीक्षा दिली, पासही झाली. पुढच्या वर्षी मात्र ती कॉलेजला गेली नाही. तोवर हारुनभाईंनी इंजिन करून दिलं होतं. गाडी रोज सकाळी एका किल्लीत सुरू होत होती.

“आता बंद नाही पडत गं,” अनसूया म्हणाली.

“आज नाही पडत,” मृण्मयी म्हणाली. “कधीच बंद पडणार नाही असं तू लिहून देतेस का?”

अनसूयाने आयुष्यभर मालावर सह्या केल्या होत्या. ही सही तिला करता आली नाही. मृण्मयीने घरून शिकता येतं तसं वाणिज्य घेतलं. बुरशीबद्दल ती आता बोलत नाही. आजींनाच कधी तरी चुकल्यासारखं होतं, आणि त्या विचारतात, “ती तुझी ती बुरशी काय करते गं हल्ली?” मृण्मयी म्हणते, “वाढते.”

अनसूयाला एक गोष्ट नंतर आठवली. त्र्यंबकला गुरुजींची व्हॅन नेहमी घराजवळच्या उतारावर, चाकाला वीट लावून उभी असायची. ती कित्येकदा त्या गाडीशेजारून गेली होती. उतारावर गाडी सोडली की स्टार्टर न मारताही सुरू होते. तिने ज्ञानेशला हे सांगितलं, तर तो म्हणाला, “त्र्यंबकात सपाट जागा आहे कुठे?” तेही खरंच होतं.

एकदा ज्ञानेशने गुरुजींना फोनवर गाडीचं सांगितलं होतं. “अरेरे,” ते म्हणाले होते, “आमच्याकडे तर कधी कुरकुर केली नाही हो. गाडीलासुद्धा माणसं ओळखीची व्हावी लागतात.”

यंदा सासऱ्यांच्या श्राद्धाला गुरुजी आले, ते नव्या मोठ्या गाडीतून. जेवण झालं. त्यांनी मृण्मयीच्या डोक्यावर हात ठेवला. “काय, कॉलेज काय म्हणतंय?” तिने “ठीक आहे” म्हणून सांगितलं. सगळे एकेक करून पाया पडले, अनसूयाही पडली. खाली वाकताना तिला त्यांच्या पायांच्या टाचा दिसल्या, भेगाळलेल्या, पहाटे गार दगडांवर अनवाणी उभं राहून आलेल्या भेगा. ह्या माणसाला इंजिनातलं खरंच काही कळत नसेल, असं तिला वाटलं. आणि उभी राहिली तेव्हा ते तिच्याकडे बघत नव्हते, दाराबाहेर उभ्या असलेल्या त्या पांढऱ्या व्हॅनकडे बघत होते.

“चालते ना आता?” त्यांनी विचारलं.

“चालते,” ती म्हणाली.

त्यांना सोडायला ती फाटकापर्यंत गेली. ते गाडीत बसले, काच खाली केली. विचारायला एवढाच वेळ होता. मागे ओट्यावर सासूबाई हात जोडून उभ्या होत्या. अनसूयाने तोंड उघडलं, आणि म्हणाली ती एवढंच, “सावकाश जा.” गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

त्या दिवशी गाडी दारात आणून दिलीत, ती आम्हाला उन्हातून यावं लागू नये म्हणून, की गार असताना ती सुरू होताना आम्ही बघू नये म्हणून?